झारू काळा का पडला, आणि दुसरा घेताना काय बघायचं

प्रश्न असा आहे. टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या एका ताईंनी मार्चमध्ये कप्पाबाशीच्या बाजारातून 1,100 येनला बांबूचा गोल झारू, म्हणजे जपानी निथळायची टोपली, घेतला. तांदूळ धुवायला, भाजी निथळायला रोज वापरला, रोज साबणाने घासला आणि सिंकखालच्या कपाटात ठेवला. जूनअखेरीस त्यावर काळे ठिपके आले, कुबट वास यायला लागला. आता एका मोठ्या दुकानात तसाच दिसणारा झारू त्यांनी 8,000 येनला पाहिलाय. त्या विचारतात, 'दोन्हींत फरक काय? आणि महागडाही असाच सडणार असेल तर स्टीलची चाळणी काय वाईट?'

ताई, आधी हातातला झारू टाकू नका. किटलीभर पाणी कडकडीत उकळा आणि झारू सिंकमध्ये उभा धरून दोन्ही बाजूंनी ओता. मग काथ्याच्या घासणीने, म्हणजे इथे 'तावाशी' मिळते तिने, विणीच्या दिशेने घासा. आडवं घासलंत तर पट्ट्यांचे तंतू निघतील. दोन हातांनी झटका आणि खिडकीत टांगा. दोन तास ऊन चालेल, पुढे सावलीतला वारा. दुसऱ्या दिवशी पूर्ण सुकल्यावर स्वयंपाकघरात वापरायचा अल्कोहोलचा फवारा मारून पुन्हा वाळवा. काळे डाग बहुतेक राहतील, पण वास गेला पाहिजे. वास गेला आणि पट्टी नखाने दाबल्यावर टणक लागली, तर झारू खुशाल वापरा. पट्टी मऊ लागली किंवा भुगा सुटला, तर मात्र त्याचा निरोप घ्या. ब्लीचमध्ये अजिबात बुडवू नका. डाग जातील, पण बांबूचा दम जाईल आणि तो वास पुढचे कित्येक दिवस भाताला येत राहील.

आता मी हे कुठल्या तोंडाने सांगतेय, तेही सांगते. माझं माहेर देवरुखजवळचं. गेली 16 वर्षं मी क्यूशू बेटावर, ओइता प्रांतातल्या बेप्पू गावात राहते. पहिली दोन वर्षं फक्त बांबू चिरायला शिकण्यात गेली. आता टोपल्या विणते, पण माझं निम्मं काम दुरुस्तीचं आहे. दुरुस्तीला आलेली टोपली बघितली की तिच्या घरचं स्वयंपाकघर कळतं. पाण्याने कुजलेली टोपली मी क्वचितच पाहिली. येतात त्या ओल्या ठेवून कुजलेल्या. झारू दिवसातून तीनदा भिजवा, त्याचं काही बिघडत नाही, तो त्यासाठीच केलेला असतो. दोन भिजण्यांच्या मधे तो वाळला की नाही, एवढ्यावर सगळा खेळ आहे. तुमच्या सिंकखाली वारा नाही, वर नळाच्या पाइपाची दमट हवा, आणि बाहेर जूनचा त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा. त्या कपाटात माझ्या हातचा झारूही काळा पडला असता.

पण तुमचा जरा लवकर पडला, त्याला दुसरं कारण आहे, आणि तुमच्या 1,100 आणि 8,000 च्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

बांबूची भिंत आडवी कापून भिंगातून पाहा. सालीच्या बाजूला तंतू दाटीने बसलेले दिसतात, आत जावं तसे ते विरळ होतात आणि मधली जागा भुसभुशीत गराने भरलेली असते. त्या गरात पिष्ट आणि साखर असते. बुरशीचं आणि भुंग्याचं तेच खाणं. सालीवर मात्र मेणासारखा थर असतो, तिच्यात सिलिका असते, ती पाणी लवकर पीत नाही. म्हणून मी बेप्पूत टोपलीसाठी जो मादाके जातीचा बांबू वापरते, त्याची भिंत पाचसहा मिलिमीटर जाड असली तरी माझ्या कामाचा त्यातला वरचा जेमतेम एक मिलिमीटर. उरलेलं सगळं चुलाणात जातं. पहिल्या वर्षी मला ते बघवायचं नाही. आमच्याकडे बुरूड आतल्या पट्ट्यांचीही काही ना काही वस्तू करतो, आणि इथे हे ढीग जाळायचे! मी सेन्सेईंना, म्हणजे माझ्या गुरुजींना, विचारलं, तर ते म्हणाले, 'देवघरात ठेवायची असेल तर कर, मोरीत ठेवायची असेल तर करू नको.' स्वस्त झारूत बऱ्याचदा हीच आतली पट्टी असते, यंत्राने रंधून सालीइतकी गुळगुळीत केलेली. पहिल्या दिवशी ती जास्तच सुबक दिसते.

बांबू तीन ते चार वर्षांचा लागतो. कोवळा सुकल्यावर आक्रसतो, जून कडक होऊन तुटतो. तोडतात तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत, जेव्हा त्याच्यातलं पाणी आणि साखर उतरलेली असते. (कोकणातही पावसाळ्यात तोडलेला बांबू भुंगा खातो म्हणतात, आणि अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा म्हणतात. थंडीचं कारण मला पटतं, पंधरवड्याचं मी पडताळून पाहिलेलं नाही.) मग चिरणं. जपानीत एक म्हण आहे, 'कि मोतो, ताके उरा', लाकूड बुंध्याकडून फोडावं आणि बांबू शेंड्याकडून. दुधारी जड सुरी शेंड्याला ठेवून एक ठोका दिला की पुढे सुरी चालवायची नसते, बांबू स्वतःच फाटत जातो. पेरापाशी टक् असा आवाज होतो, तिथे मनगट थोडं वळवायचं. दोनाचे चार, चाराचे आठ, असं बोटाएवढ्या पट्टीपर्यंत आलं की साल आणि गर वेगळे करायचे. सुरी मधोमध धरायची, आणि चीर एका बाजूला पळायला लागली की जाड बाजू जास्त वाकवायची, की चीर परत मध्यावर येते. हे वाचून येत नाही. माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या पट्ट्या एका टोकाला कागद आणि दुसऱ्या टोकाला फळी अशा होत्या.

शेवटी एका ओंडक्यात दोन लहान पाती व्ही आकारात ठोकलेली असतात, त्यांच्यामधून एकेक पट्टी ओढायची, म्हणजे सगळ्या एकाच रुंदीच्या होतात. झारूच्या आडव्या पट्ट्या साधारण अडीच-तीन मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड. मला 30 सेंटिमीटरचा एक झारू करायला दीड दिवस लागतो, त्यात प्रत्यक्ष विणणं जेमतेम चार तासांचं. बाकीचा वेळ हा असा. 8,000 येन जातात ते इथे. ते जास्त आहेत का? तुमच्या खिशाला असतील. माझ्या तासाला म्हणाल, तर भांडी घासायच्या नोकरीत जास्त मिळतील.

दुकानात हे ओळखायचं कसं? झारू उचला आणि पालथा करा. गिऱ्हाईक तोंड बघतं, आम्ही पाठ बघतो. पाठीवर बूड ओलांडून जाणाऱ्या दोन-तीन जाड, कडक पट्ट्या आहेत का बघा. त्यांना 'चिकारादाके' म्हणतात, शब्दशः जोराचा बांबू. त्या बूड खचू देत नाहीत, आणि टोपली ओट्यापासून किंचित उचलून धरतात, म्हणजे खालून हवा खेळते. मग पट्टीकडे तिरप्या उजेडात बघा. सालीला रेशमासारखी संथ चकाकी असते आणि पेराची रेघ ठसठशीत दिसते. गराची पट्टी निस्तेज असते, बोट उलटं फिरवलं की लव लागते. वॉर्निशची चकाकी वेगळी, ती सगळीकडे सारखी असते आणि नाकाला कळते. खाण्याच्या कामाला तसला झारू नको. मग दोन्ही हातांनी काठ धरून हलकेच पिळा. चांगला झारू कुरकुरतो आणि लगेच जागेवर येतो. काठ वेताने किंवा वेलीने गुंडाळलेला असेल तर तो पुढे दुरुस्त होतो. गोंदाने किंवा स्टेपलच्या पिनांनी बसवलेला काठ सुटला की सुटला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वस्त झारू बहुतेक चीन किंवा व्हिएतनामहून येतो, आणि तिथला माणूसही तो हातानेच विणतो. सालीच्या पट्ट्यांचा, चांगल्या काठाचा परदेशी झारू मी पाहिलाय आणि शिफारसही केलीय. लेबल वाचून घेऊ नका, पालथा करून घ्या.

रंगाचंही बघा. आमच्या धंद्यात दोन भाग मानतात. 'आओमोनो' म्हणजे हिरव्या, ताज्या बांबूचं काम. 'शिरोमोनो' म्हणजे उकळून किंवा शेकून तेल काढलेल्या, मग उन्हात पांढऱ्या केलेल्या बांबूचं. पिशव्या, फुलदाण्या, चहाच्या समारंभाच्या वस्तू पांढऱ्यातल्या. रोजच्या ओल्या कामाला पूर्वापार आओमोनो. तो पहिल्यांदा पोपटी असतो, काही महिन्यांत गवतासारखा पिवळा होतो आणि वर्षानुवर्षं वापरल्यावर काकवीच्या रंगाला येतो. त्या रंगाची टोपली दुरुस्तीला आली की मी हातातलं काम बाजूला ठेवून आधी ती हाताळते.

बेप्पूचं नाव आता कलादालनांत जास्त ऐकू येतं. इथल्या शोनो शोउनसाई यांना 1967 साली सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मान दिला, बांबूच्या कलेत हा मान मिळवणारे ते पहिले. 1979 साली बेप्पूचं बांबूकाम राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलांच्या यादीत गेलं. पण गावाची दंतकथा विचाराल तर ती सरळ स्वयंपाकघरातून निघते. केइको सम्राट क्यूशूच्या स्वारीवर आला, तेव्हा त्याच्या आचाऱ्यांना इथे चांगला बारीक बांबू दिसला आणि त्यांनी त्याची भांडी ठेवायची टोपली विणली, अशी ती गोष्ट. पुढे एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) लोक गरम पाण्याच्या झऱ्यांवर आठवडेच्या आठवडे उपचाराला येऊन राहत. खोली भाड्याची, स्वयंपाक आपला आपण. त्यांना तांदूळ धुवायला, भाजी ठेवायला टोपल्या लागत. परत जाताना त्या आठवण म्हणून गावी नेत. धंदा वाढला तो तिथे. आजही कान्नावा वस्तीत जमिनीतून येणाऱ्या वाफेवर झारूत भाजी, अंडी, रताळी ठेवून शिजवतात, त्याला 'जिगोकु-मुशी' म्हणतात, म्हणजे नरकातली वाफ. पाव्हणे आले की मी तिथेच नेते. नरकातली रताळी फार गोड लागतात.

1960 च्या दशकात या धंद्याला दोन फटके एकदम बसले. मादाके साधारण 120 वर्षांनी फुलतो आणि फुलला की मरतो. त्या दशकात तो जपानभर फुलला. बनंच्या बनं वाळून गेली. कारागीर बांबू शोधत फिरत होते, आणि नेमक्या त्याच वेळी दुकानात रंगीत प्लास्टिकच्या पाट्या आल्या. बनं पुढे परत उगवली, पण गिऱ्हाईक तोवर प्लास्टिककडे वळलं होतं.

झारू म्हणजे बेप्पू, असंही समजू नका. जिथे जो बांबू, तिथे तशी टोपली. उत्तरेला मियागी प्रांतात इवादेयामा आहे. तिथल्या दाते घराण्याच्या जहागीरदाराने सुमारे 300 वर्षांपूर्वी आपल्या सामुराईंना जोडधंदा म्हणून टोपल्या विणायला लावलं. (उच्चार दातेच. आपल्या दात्यांशी संबंध नाही, मीही पहिल्यांदा दचकले होते.) तिथला शिनो बांबू करंगळीएवढा बारीक आणि लवचीक. त्याची तांदळाची टोपली विणताना साल आतल्या बाजूला ठेवतात, म्हणजे तांदळाच्या अंगाला गुळगुळीत बाजू लागते, दाणा अडकत नाही आणि पाणी झरकन उतरतं. नागानोतल्या तोगाकुशीत डोंगरी नेमागारिदाके मिळतो, बर्फाच्या भाराने बुडाशी वाकलेला, चिवट. त्याच्या ताटलीएवढ्या झारूवर सोबाच्या शेवया लहान लहान गुंडाळ्या करून वाढतात. इवातेच्या तोरिगोएला सुझुताके वापरतात. गेल्या काही वर्षांत तोही फुलला आणि वाळला, त्यामुळे तिथली टोपली सध्या मिळणं कठीण. आणि मियाझाकीच्या डोंगरात हिनोकागे इथले हिरोशिमा काझुओ, जन्म 1915, मृत्यू 2013. त्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांना लागतील त्या टोपल्या केल्या. त्यांच्या टोपल्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, काचेआड, कोरड्या. मला त्या बघून अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं. मासळीची टोपली आणि तिला मासळीचा वास नाही!

आता तांदळाकडे येते, कारण झारूचा खरा संसार तिथे आहे. तांदूळ धुवायच्या टोपलीला इथे 'कोमेआगे-झारू' म्हणतात, आणि पहिल्यांदा ती हातात आली तेव्हा मी मराठीतच म्हणाले, 'अगं बाई, ही तर रोवळी!' आमच्या घरी आजी रोवळीत तांदूळ घालून ती घंगाळात बुडवायची, हाताने गोल फिरवायची, उचलायची, पुन्हा बुडवायची. तांदूळ रोवळणं हा शब्दच त्यातून आलेला. पांढरं पाणी गाईच्या आंबोणात जायचं आणि रोवळी पडवीच्या खुंटीला. जपानी टोपलीची मापंही आपल्यासारखी धान्याच्या मापातच, तीन गो, पाच गो, एक शो. एक गो म्हणजे 180 मिलिलिटर, दहा गोंचा एक शो. आपल्याकडे शेर-पायली होती तसंच. दोघांच्या संसाराला पाच गोचा घ्या. तीनचा घेतलात तर हात फिरवायला जागा राहत नाही.

या टोपलीची वीण 'गोझामे', म्हणजे चटईची. उभे बांबू रुंद आणि दूर दूर, आडव्या पट्ट्या बारीक आणि दाबून बसवलेल्या. बोट फिरवलंत तर एका दिशेला सरकतं, दुसऱ्या दिशेला बारीक पायऱ्या लागतात. जाळीच्या चाळणीत दाणा भोकात टोचून बसतो. इथे भोकंच नाहीत, लांबट फटी आहेत, आणि दाणा त्यांवर आडवा लोळतो. पाणी मात्र पट्टीला धरून पूर्ण खाली ओघळतं. स्टीलच्या जाळीत पाण्याचा पडदा भोकाभोकांत अडकून राहतो, तो झटकावा लागतो. हा फरक वर्णन करून सांगण्यापेक्षा एकदा दोन्हींत साबुदाणा निथळून पाहा.

धुताना झारू आधी साध्या पाण्याने ओला करून घ्या. हे कुठल्याही कामाआधी करा. कोरडा बांबू जो पहिला ओलावा मिळेल तो पितो. तो पालकाचा हिरवा रस असेल तर तो पितो, हळदीचं पाणी असेल तर तेही पितो. आधीच साधं पाणी प्यायलेला असला की डाग आणि वास वरच्या वर राहतात. इथला तांदूळ जाड आणि आखूड, तो आधी भांड्यात भरभर दोन-तीन पाण्यांनी धुतात, भिजवतात आणि मग झारूत उपसतात. उपसून तासभर तसाच ठेवू नका, पृष्ठभाग वाळून दाणा तडकतो आणि भात चिकट होतो. दहा मिनिटं पुरे. बासमती किंवा आंबेमोहोर असेल तर भिजल्यावर झारूत हात फिरवू नका, नुसता निथळू द्या.

आमच्या घरात झारू ज्या कामांना लागतो ती जपानी शेजारणींना ठाऊक नाहीत. जाड पोहे झारूत घालून नळाखाली धरायचे आणि तसेच ठेवून द्यायचे. खाली पाणी साचत नाही, त्यामुळे लगदा होत नाही. साबुदाण्याचं वर सांगितलंच. मेथी-कोथिंबीर निवडून धुऊन पसरट 'बोन-झारू'वर फिरवून ठेवायची. हा बोन-झारू म्हणजे ताटासारखा उथळ, आणि एकच घेणार असाल तर माझ्या मते हाच घ्या, 30 सेंटिमीटरच्या आसपासचा. इथे पालक किंवा फरसबी उकडली की गार पाण्यात न टाकता बोन-झारूवर पसरून पंख्याने वारा घालतात, त्याला 'ओका-आगे' म्हणतात, किनाऱ्यावर काढणं. भाजी पाणचट होत नाही. वरचा ओलावा बांबू टिपून घेतो, म्हणून खाली तळं होत नाही. जुलैअखेरीस मी त्यावरच खारवलेली उमे, म्हणजे इथली आंबट फळं, वाळवते, तीन दिवस, तीन रात्री. मीठ आणि आंबटपणा धातूच्या जाळीला चावतो, बांबूला काही करत नाही. ऑगस्टमध्ये त्याच झारूवर सांडगे. शेजारची आजी विचारते, या वर्षीची उमे एवढी लहान कशी?

मटकीला मोड आणायला मात्र झारू वापरू नका. ओल्या फडक्याखाली दोन दिवस बांधून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. तळणासाठीही नको, तेल बांबूत शिरलं की परत निघत नाही आणि खवट होतं. आणि हळदीचं काही धुवायचं, चहा गाळायचा, तर तिथे स्टीलच. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. स्टीलची चाळणी वाईट नाही, माझ्याकडे दोन आहेत. आणि धुऊन ओली तशीच ठेवून दिली तरी तिचं चालतं. तुमच्या घरात वारा येणारी एक जागा मोकळी नसेल, किंवा संध्याकाळी भांडी आवरून झोपायची घाई असेल, तर 8,000 येन घालवू नका, हे मी टोपलीवाली असून सांगते.

भांडी निथळायची मोठी टोपली वेगळी असते, सहाकोनी भोकांची, 'मुत्सुमे' विणीची. आपल्याकडे कोंबड्या झाकायच्या डालग्याला असतात तशीच भोकं. पूर्वी टोकियोभोवतीच्या कान्तो भागात 8 फेब्रुवारी आणि 8 डिसेंबरला अशी टोपली काठीला बांधून घराबाहेर उंच लावत. त्या दिवशी एकाक्ष राक्षस फिरतो, त्याला टोपलीचे शंभर डोळे दिसले की तो घाबरून पळतो. माझ्या मुलाला लहानपणी हे इतकं पटलं होतं, की तो झोपताना झारू उशाशी घ्यायचा. बरं होतं, कोरडा राहायचा. तर ही टोपली भरपूर उघडी असल्याने लवकर वाळते, पण ओल्या कपबश्या रात्रभर तिच्यात राहिल्या तर बूड काळं पडतं. भांडी पुसून उचला आणि टोपली पालथी घाला.

रोजची निगा एवढीच: पाणी, तावाशी, झटका, टांगणं. साबण लागलाच तर थेंबभर, आणि भरपूर पाण्याने काढा. तो पट्ट्यांच्या सांध्यात बसतो आणि आतून चिकटा धरतो. डिशवॉशर नको, ड्रायर नको, दिवसभराचं कडक ऊन रोज नको, पट्ट्या ठिसूळ होतात. त्सुयुच्या महिन्यात घरात टांगून पंख्याचा वारा त्याच्याकडे वळवा, किंवा एसी कोरड्या हवेवर लावला असेल तेव्हा त्याच्यासमोर अडकवा. पूर्वी टोपल्या चुलीच्या वर असायच्या, धूर आणि ऊब दोन्ही मिळायचं, म्हणून बुरशी आणि भुंगा दोन्ही लांब राहायचे. आपल्या गावाकडच्या घरातही हेच होतं. गॅस आला आणि टोपलीची ती सोय गेली.

कधी टोपलीखाली पिवळसर, तांदळाच्या पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर भुंगा लागलाय. टोपली पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, किंवा उकळतं पाणी ओतून पूर्ण वाळवा. वापरातल्या टोपलीला भुंगा फारसा लागत नाही. लागतो तो भेट आलेल्या, 'चांगल्या प्रसंगाला काढू' म्हणून माळ्यावर कागदात गुंडाळलेल्या टोपलीला.

नव्या झारूला कुसळं असतील तर नेलकटरने कापा, ओढू नका, ओढलं की पट्टी चिरत जाते. काठाची वेताची गुंडाळी तीन-चार वर्षांनी कुठेतरी तुटते. तिथे सुतळी किंवा तांब्याची तार घट्ट बांधून दुरुस्तीला द्या, आणि तुटलेलं टोक कापून टाकू नका, आम्हाला गाठ कुठून सुरू झाली ते त्याच्यावरून कळतं. काठ सुटलेला असतानाही झारू वापरत राहिलात तर उभे बांबू एकेक करून बाहेर येतात. मग तो काठाचा नाही, अख्ख्या टोपलीचा प्रश्न होतो, आणि मला नव्याइतकेच पैसे सांगावे लागतात.

तुमच्या जुन्या झारूसाठी खिडकीच्या चौकटीला एक हुक लावा, भिंतीपासून चार बोटं पुढे येणारा. भिंतीला टेकलेली बाजू वाळत नाही.